डाव्या खांद्यावरची पाल

ए, आधी खिडकी लावा. आणि तू दाराशी बस, तुझे कान शाबूत आहेत. मी भराभर सांगणारेय, मध्ये कोणी बोलायचं नाही. मला थांबवलंत तर मी रडेन, आणि एकदा रडायला लागले की बोंबललं सगळं.

तर माझी वहिनी. तुम्ही तिला बघितलंय, पण लांबूनच, कारण सगळे तिला लांबूनच बघायचे. डोळेवाली ना ती! नजरखात्यातली. तिचा तो राखाडी कोट कोपऱ्यावर दिसला की आपल्या गल्लीतली माणसं स्वतःच्या चपलांकडे बघत चालायला लागायची. घरात मात्र ती कोट खुंटीला अडकवायची, केस सोडायची आणि मला म्हणायची, "टकळे, दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायची सोय असते, बघ कधी वापरून."

माझ्या भावानं डोळेवालीशी लग्न कसं काय केलं, असं तुम्ही सगळ्यांनी मला एकदा तरी विचारलंय. अरे, तिनंच त्याची तपासणी घेतली होती! तो समोर बसला, तिनं कार्ड धरलं, आणि हा कार्डाकडे बघतोय कुठं? हा तिच्याकडेच बघत बसला. पास. बाहेर पडताना विचारतो, "परत कधी येऊ?" आता तो लांबच्या ट्रकवर असतो, महिनोन्महिने घरी नसतो, म्हणून घरात आम्ही चौघंच. आई, बाबा, वहिनी आणि मी.

तपासणी तुम्हाला माहितीय, चोरून वाचणारे हुडकायची. पण तुम्हाला ती खुर्चीत बसून माहितीय, तिच्या बाजूनं ऐका. तिच्यासमोर माणूस. तिच्या हातात कार्ड, अक्षरांची बाजू माणसाकडे. बाजूला काच, काचेमागे साहेब, त्यांना दोघंही दिसतात, माणूसही आणि वहिनीही. तिच्या पायाशी एक बटण, साहेबांच्या हाताशी एक. दोघांपैकी कोणीही दाबलं की लाल दिवा. खात्यात अक्षरांना ‘धुणं’ म्हणतात, कारण वर दोरी आणि खाली लोंबणारे कपडे, दिसतंच तसं. न वाचणारा माणूस धुण्याकडे बघतो तेव्हा त्याची नजर आधी सगळ्यात जाड, काळ्या ठिपक्यावर जाते, मग कडेला, मग कंटाळून डोळेवालीच्या तोंडाकडे. वाचणाऱ्याची नजर दोरीवरून जाते. डावीकडून उजवीकडे, मुंगी चालावी तशी. आणि त्याला ते थांबवता येत नाही. वहिनी म्हणायची, "वाचायला शिकता येतं गं. न वाचायला शिकता येत नाही."

आणि तेवढ्यानं भागलं नाही तर कार्डावरच असं काहीतरी लिहिलेलं की वाचणारा हललाच पाहिजे. काय लिहिलंय ते डोळेवाल्यांना माहिती नसतं. त्यांना वाचता येत नाही, येताच कामा नये. त्या नुसतं बघतात. वहिनीला इतकंच कळलं होतं की जुन्या कार्डावर जो पकडला जातो तो आपल्या डाव्या खांद्याकडे बघतो. सगळे. म्हातारे, पोरी, दांडगे हमाल, सगळे डाव्या खांद्याकडे. का, ते तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं कोणाला?

मग आईची पाळी आली.

नात्यातला माणूस असला की मुद्दाम नात्यातल्याच डोळेवालीसमोर बसवतात. इमान दिसतं म्हणे. वहिनी अजिबात घाबरली नव्हती, कारण आईला वाचता येतं हे तिला माहितीच नव्हतं! मला नव्हतं, दादाला नव्हतं. फक्त बाबांना होतं, कारण आईनंच त्यांना लग्नाआधी शिकवलेलं. त्या काळी कार्डं नव्हती, नुसतं विचारायचे, "येतं का वाचता?" नाही म्हटलं की झालं. दोघांनी आयुष्यभर नाही म्हटलं आणि सून डोळेवाली आल्यावर तर दोघं मुकेच झाले.

वहिनीनं कार्ड धरलं. आईनं डाव्या खांद्याकडे बघितलं.

वहिनी म्हणाली, तिचा पाय बटणावर आपोआप गेला. सवयीनं. दिवा लागल्यावर तिला कळलं की समोर कोण बसलंय.

दिवा लागला की डोळ्यांत घालतात त्या थेंबांचं तुम्हाला सांगायला नको. जवळचं सगळं पुसलं जातं. आई चालते, रस्ता दिसतो, समोरच्या गच्चीवरचं कबूतर दिसतं, पण स्वतःच्या ताटात काय आहे ते दिसत नाही. सुई नाही, नखं नाहीत, आरशात तोंड नाही. बाबा तिची नखं कापतात, वेणी घालतात, ताटात काय कुठं आहे ते सांगतात. त्यावर तिचं म्हणणं, "हे लांबूनच बरे दिसायचे, आता कायमचेच बरे दिसतात." ती असं बोलली की आम्ही हसायचो आणि मग कोणीतरी उठून नळ सोडायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी कोटासकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "मला सांगायचं तरी होतंत आई. मी काहीतरी केलं असतं."

आई म्हणाली, "तुला? डोळेवालीला?"

मग आईच चिडून म्हणाली, कोणावर चिडली कोण जाणे, "पाल लिहिलंय मेल्यांनी. ‘डाव्या खांद्यावर पाल आहे.’ जन्मभर पालीला चपलेनं हाकलत आले, आणि कार्डावरच्या पालीला घाबरले."

बघा हां, इथं सगळं बदललं. कारण वहिनीच्या डोक्यात ते कार्ड फोटोसारखं छापलेलं, रोज पेटीतून काढायची ना ती! आणि आता तिला त्या धुण्यातला कुठला कपडा कुठल्या आवाजाचा ते कळलं. शिवाय वाचणाऱ्यांचे ओठ तिनं वर्षानुवर्षं बघितलेले. ‘पाल’च्या ‘पा’ला ओठ मिटतात, तेही तिला माहिती, फक्त कशाला मिटतात ते माहिती नव्हतं. एका दिवसात तिला एक अख्खं वाक्य वाचता आलं. नको असताना. ती मला म्हणाली, "टकळे, मी गटाराच्या झाकणावर ‘ल’ बघितला. रोज त्याच्यावरून चालत होते."

बाकीचं बाबांनी शिकवलं. बाबा कवळ्या बनवतात, माहितीय ना, अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं आहे. साच्यासाठी ते पांढरं प्लास्टर कालवतात. ते ओलं असतं तोवर त्यात काडीनं अक्षर काढायचं, वहिनीनं ओळखायचं आणि घट्ट व्हायच्या आत बोटानं पुसून टाकायचं. मी बाजूला बसून लुडबूड करायची, तर मलाही आपोआप येत गेलं. एकदा गिऱ्हाईक आलं आणि पुसायचं राहिलं, तो साचा तसाच वाळला, तशीच कवळी झाली. कुठलेतरी आजोबा टाळूवर ‘ल’ घेऊन फिरतायत. अजून. जेवतायत त्याच्यावर.

हसू नका रे. म्हणजे हसा, पण हळू.

वहिनी नोकरीवर जातच होती. काय करणार? डोळेवालीला नोकरी सोडता येत नाही. ती रोज त्या खुर्चीत बसायची, रोज दिवा लागायचा. तिनं नाही दाबलं तर साहेब दाबायचे. आणि तिनं फार वेळा दाबलं नाही तर साहेब तिच्याकडे बघायला लागायचे. घरी आली की हात धुवायची. खूप वेळ. आई म्हणायची, "पाणी संपव बाई सगळं, भोंग्यानं आत्ताच सांगितलंय, उद्या येणार नाही." आपली सगळ्यांची तीच तर गत आहे ना? पाणी कधी येणार भोंगा सांगतो, कुठल्या रंगाची बस कुठं जाणार भोंगा सांगतो, भोंगा म्हणाला उठा की उठायचं, भोंगा म्हणाला घरी जा की घरी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारेय.

आणि मग एका सकाळी आमच्या कडीला पिवळी चकती लटकलेली. बाबांची. म्हाताऱ्यांची शेवटची तपासणी. यात पास झालं की कानामागं हिरवा ठिपका गोंदतात आणि मग मरेपर्यंत कोणी विचारत नाही. नापास झालं तर थेंब.

आता विचार करा. बाबांची नजर गेली तर कवळ्या गेल्या, ते गेलं तर गेलं. पण आईचं ताट कोण सांगणार? आईची नखं कोण कापणार? तुम्ही म्हणाल, तू आहेस की. आहेच मी. पण आई मला हात लावू देत नाही हो! तिला बाबाच लागतात. बाबा तिचे डोळे आहेत, अगदी खरंखुरं. तेही गेले तर दोघं एकमेकांना चाचपडत बसणार, आणि आई जेवायचं सोडेल, मी तिला ओळखते.

मग सुरू झाला सराव. बाबांना न वाचायला शिकवायचा. दुपारी, दुकान मिटलं की. वहिनी प्लास्टरच्या पाटीवर काहीतरी लिहायची, समोर धरायची आणि त्यांचे डोळे बघायची.

"बाबा, गेलात. दोरीवरून गेलात."

"नाही गं, मी कडेला बघत होतो."

"कडेला बघत बघत गेलात. परत. डोळे मोकळे सोडा. कपडे ओळखू नका, नुसतं धुणं बघा."

"अगं पण कळतंच ना! बघितलं की कळतंच! मी काय करू?"

परत पाटी. परत गेले. पाटीवर तिनं ‘खुर्ची’ लिहिलं की ते खुर्चीकडे बघायचे. ‘मांजर’ लिहिलं की दाराकडे. ‘तुमची बायको’ लिहिलं तर गालातल्या गालात हसले, बोला! वहिनी एकदा इतकी वैतागली की पाटी आपटली, सगळीकडे पांढरे तुकडे. म्हणाली, "तुम्हाला कळत कसं नाही? मी समोर असणारेय! मला माझ्या पायानं दाबावं लागेल परत!"

बाबा म्हणाले, "मग दाब बाई. तुझ्या पायानं झालं तर मला वाईट नाही वाटणार."

ती तिथंच प्लास्टरच्या तुकड्यांत बसली आणि रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. डोळेवाल्यांचं काहीतरी बंद करतात असं मला वाटायचं.

शेवटी तिनं एकच धरलं. कार्डावर पाल असणार. पाल बाबांना आता माहितीच आहे, तर दचकायचं नाही. दोरीवरून गेले तर गेले, म्हाताऱ्यांचे डोळे थोडे हलतातच, ती सांभाळून घेईल. फक्त खांद्याकडे बघायचं नाही. "खांदा नाहीच तुम्हाला," ती म्हणायची. बाबा जिना चढताना पुटपुटायचे, "खांदा नाहीच मला, खांदा नाहीच मला."

तपासणीच्या दिवशी म्हाताऱ्यांबरोबर एक माणूस लागतो म्हणून मी गेले. मोठा हॉल, बाकांवर सगळे म्हातारे, कोणी काठी धरून, कोणी बायकोचा हात धरून. एका टोकाला वहिनीची खोली. उकडत होतं म्हणून तिनं दार उघडं टाकलेलं, मला सगळं दिसत होतं. तिच्यासमोर माइक. "पुढचा या," ती म्हणाली की हॉलच्या भोंग्यातून तिचा आवाज यायचा, आणि तो तिचा वाटायचाच नाही, भोंग्याचाच वाटायचा. दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार, तिथं ठिपकेवाला, त्याचं मशीन घेऊन.

तेवढ्यात वहिनीला नवी पेटी आणून दिली. सीलबंद. नवी कार्डं.

मी तिचा चेहरा बघितला. काही नाही. पण पेटीचं झाकण काढताना तिचा हात एकदाच घसरला, आणि मला कळलं. पाल नव्हती. बाबा शेजारी अजून पुटपुटतच होते, खांदा नाहीच मला. मी त्यांना काय सांगू?

पहिल्या आजी गेल्या. काही नाही, त्या वहिनीलाच बघत बसल्या, पास. मग एक आजोबा, काही नाही. मग एक उंच आजी, पांढरा अंबाडा, ताठ बसलेल्या. वहिनीनं कार्ड धरलं. आजींचा जबडा आखडला, नाकपुड्या फुगल्या, त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि डोळ्यांत पाणी आलं, रडण्याचं नाही, ते दुसरं. आणि मग त्यांना आलीच. मोठी जांभई. काचेमागून साहेबांनी दिवा लावला. त्या आजींना नेताना त्या मागं वळून म्हणत होत्या, "अहो झोप आली हो, म्हातारं माणूस, झोप येते."

वहिनीनं कार्ड वाचलं नव्हतं. वाचण्याची सोयच नव्हती, साहेबांना तिचे डोळे दिसतात. पण चेहरे वाचण्यात तिचा हात कोण धरणार? कार्डावर ‘जांभई’ लिहिलंय. मोठी जांभई, तोंड उघडून जांभई, असलंच काहीतरी. बघा कसले नीच! वाचलं की येतेच. आता तुम्हाला येतेय की नाही? ए, ती बघा, तिला आली.

"पुढचा या."

बाबा उठले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, खांद्याकडे नाही, आणि आत जाऊन बसले. बाबांना टीव्हीवर कोणी उशी दाखवली तरी जांभई येते.

वहिनीनं कार्ड पेटीतून काढलं. उचललं. आणि कार्ड बाबांच्या समोर येतंय न येतंय तोच तिनंच जांभई दिली. अशी तशी नाही हो. आवाज करून. आ वासून. पार दाढा दिसतील अशी. बाबांनी आधी तिच्या दाढा बघितल्या, धंद्याची सवय, आणि मग त्यांना आली. लाल दिवा लागला. साहेबांनीच बटण दाबलं.

वहिनी काचेकडे वळली. "साहेब, माझी बघून आली त्यांना. काल झोप नाही झाली मला." आणि परत एक दिली. आणि काचेमागं साहेबांना आली! मी बघितलं, हात तोंडावर नेला त्यांनी, पण आली. माझ्या शेजारच्या आजोबांना आली. मला आली. त्यांच्या पलीकडं, त्याच्या पलीकडं, बाकांवरून अशी पसरत गेली, काठ्यांवर रेललेले म्हातारे एकामागून एक आ करतायत, पार दारापाशी तो ठिपकेवाला जबडा दुखेपर्यंत. कोण वाचणारा आणि कोण न वाचणारा, काढा आता निवडून!

मला इतकं हसू येत होतं की मी तोंड दाबून धरलं.

साहेब काचेमागून बाहेर आले. मला वाटायचं साहेब म्हणजे कोणी धिप्पाड असेल. बारके होते, सर्दी झालेली. त्यांनी बाबांना हातानंच खूण केली, जाऊन बाकावर बसा. म्हणजे परत घेणार. आणि वहिनीला म्हणाले, "तू बस."

"मी?"

"खुर्चीत. तिकडं."

आता ती त्या बाजूच्या खुर्चीत, आणि साहेब तिच्या जागेवर. साहेबांनी खणातून एकच कार्ड काढलं, पेटीतलं नाही, वेगळं, कडा झिजलेल्या. त्यांनी ते तिच्यासमोर धरलं.

ते काय होतं ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते. त्यावर लिहिलं होतं, ‘तपासणी संपली. उठा. घरी जा.’

एवढंच. डोळेवाल्यांसाठीचं कार्ड ते. पाल नाही, जांभई नाही. घाबरून बसलेल्या माणसाला संपली म्हटलं की तो श्वास सोडतोच. खांदे उतरतातच. तेवढं दिसलं की झालं.

वहिनीनं श्वास सोडला नाही. खांदे उतरवले नाहीत. ती दगडासारखी बसली, त्या कार्डावर टक लावून. आणि साहेब शिंकले, नाक पुसलं आणि अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले, "न वाचणारा असा टक लावत नाही गं. तूच शिकवतेस ना नव्या पोरींना? तो कंटाळतो."

संपलं. तिला कळलं, मला कळलं. बाबा बाकावर माझ्या शेजारी, त्यांचा हात माझ्या हातात. तिच्यानंतर परत त्यांचीच पाळी. समोर साहेब स्वतः, हातात जांभई, आणि आता जांभई द्यायला वहिनी नाही.

वहिनीनं दारातून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी खूण करेल. नाही केली. माइक मधल्या टेबलावरच होता, चालूच. ती पुढं वाकली आणि तिच्या त्या भोंग्याच्या आवाजात, ना वर ना खाली, जसं पाण्याचं सांगतात, बसचं सांगतात, तसं तिनं ते कार्ड वाचलं.

"तपासणी संपली. उठा. घरी जा."

आणि सगळे उठले! अहो उठणारच ना! भोंगा म्हणाला! अख्खा हॉल उठला. काठ्या, गुडघे, "चला बाई एकदाची", "माझी चप्पल कुठाय", सगळे दाराकडे. ठिपकेवाल्यानंही ऐकलं, संपली म्हणजे जे दारातून बाहेर जातायत ते पास, त्यानं मशीन लावायला सुरुवात केली, टक, टक, टक, कानामागं, एकेक. साहेब आत ओरडत होते, "थांबा! बसा!" पण ते माइकपासून लांब होते, आणि वहिनीनं माइक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आणि ती वाचतच होती. परत परत. "उठा. घरी जा. उठा. घरी जा." दोन माणसं तिचे हात सोडवत होती तरी. साध्या आवाजाला कोण विचारतो? माणसं भोंग्याचं ऐकतात.

मी बाबांना ओढत होते. ते हलेनात. "तिला सोडून?" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, ती घरी जा म्हणतेय." माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. ठिपकेवाल्यानं त्यांचा कान पुढं ओढला. टक. आमच्यामागं एक आजोबा होते, त्यांचंही झालं. त्यांच्या मागं एक काकू, त्यांच्या कानाला मशीन लागलं आणि भोंगा बंद पडला. त्या काकूंचं काय झालं मला माहिती नाही.

गोंदलेलं पुसता येत नाही. खात्यानं तसं मशीन केलंच नाही, त्यांना कधी गरज वाटली नाही. बाबा पास आहेत. मरेपर्यंत.

वहिनीला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. डबल थेंब घातले. आईला हातभर अंतराच्या आतलं दिसत नाही, वहिनीला खोलीभर अंतराच्या आतलं दिसत नाही. मी धावत गेले, मिठी मारली, तर ती माझं तोंड हातांनी चाचपत होती आणि म्हणाली, "टकळे, जरा लांब उभी राहा ना. दिसत नाहीस." मी मागं सरकले. "अजून." मी दारापर्यंत गेले. "अजून." मी बाहेर पडले, सज्जाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले, आणि तिथून तिला दिसले. तिथून तिनं हात केला. आता आम्ही अशाच बोलतो, ओरडून. मनातलं काही सांगायचं असलं की जवळ यावं लागतं, आणि जवळ आले की ती भिंतीकडे बघून ऐकते.

बाबा आता दोघींची नखं कापतात. दादाला अजून माहिती नाही. तो येईल आणि तिला त्याचं तोंड दिसणार नाही, ज्या तोंडाला बघून तिनं त्याला पास केलं होतं ते. त्याला काय सांगायचं यावर आमचं रोज भांडण होतं.

काल मी काय केलं सांगू? बाबांची काळी छत्री घेतली, उघडली आणि तिच्यावर ओल्या प्लास्टरनं एकच शब्द लिहिला, हे एवढं मोठं. सज्जाच्या टोकाला जाऊन छत्री आई-वहिनीकडे करून धरली. खाली राखाडी कोट दिसला असता तर मिटून टाकली असती, प्लास्टर ओलं होतं, सगळं फासलं गेलं असतं. खोलीच्या आतल्या टोकाला दोघी पलंगावर बसलेल्या. वहिनी डोळे बारीक करून बघत होती. मग ती ओरडली, "टकळे, ‘भ’पुढची ‘इ’ ऱ्हस्व काढलीस, दीर्घ हवी."

आणि शेजारी आईनं, जिनं थेंब घातल्यापासून एक अक्षर बघितलं नव्हतं, आ वासून, आवाज करून, मोठी जांभई दिली.

मी छत्री मिटली आणि तिथंच बसले. कारण काय झालंय माहितीय? मलाही आता वाचणं थांबवता येत नाही. येताना गटाराच्या झाकणावर माझा पाय अडला. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू कामातून गेलीस, टकळे."

आमच्या कडीला आज सकाळी चकती आहे. निळी. माझी. उद्याची. खोलीतला माइक त्यांनी काढलाय, मी ऐकलंय. हॉलमध्ये बाकांवर तुमच्यातले किती जण असतील ते मला माहिती नाही, पण जे असाल ते ऐका. मी आत जे वाचेन ते ओरडेन. पाल असो, जांभई असो, काहीही असो. कार्डावरचं सगळ्यांनाच कळलं की काढा म्हणावं वाचणारे निवडून! माझा आवाज भोंग्यासारखा नाही. लांब पोचणार नाही. तुम्ही पहिल्या बाकावर बसा. आणि ऐकू आलं की नुसतं दचकू नका, मागच्यांना सांगा. मोठ्यानं.